थांबा, मला बोलायचंय!

बोलताना अडखळणाऱ्या माणसाला आपण सहज हसतो, त्याचं वाक्य आपणच पूर्ण करून टाकतो. ते माणूस जर लग्नाच्या वयाची मुलगी असेल, नवी सून असेल, लेकराची आई असेल, तर? डोंगरकडा (जि. हिंगोली) इथल्या एका मैत्रिणीचं हे मनोगत.

आपलं नाव सांगणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट, असं तुम्हाला वाटत असेल. कुणी विचारलं, "काय गं, नाव काय तुझं?" की नाव तोंडातून बाहेर. विचारसुद्धा करावा लागत नाही. पण आमच्यासारख्यांना, म्हणजे बोलताना अडखळणाऱ्यांना, हाच प्रश्न सगळ्यात अवघड जातो. दुसरा कुठलाही शब्द अडला तर त्याला वळसा घालता येतो. 'भाकरी' अडली तर 'जेवायला वाढू का' म्हणता येतं. 'पाणी' अडलं तर नुसता तांब्या पुढे करता येतो. नावाला मात्र दुसरा शब्द नसतो. माझं नाव 'प' ने सुरू होतं आणि हा 'प' ओठावर आला की ओठ असे मिटतात, जणू कुणी बाहेरून कडी घातली!

लोक आम्हाला तोतरी म्हणतात, कुणी बोबडी म्हणतात. खरं म्हणजे बोबडं बोलणं वेगळं. लहान लेकरू 'र' ला 'ल' म्हणतं, ते बोबडं. आमचं तसं नसतं. आम्हाला सगळे उच्चार येतात, शब्द माहीत असतो, तो मनात अगदी तयार असतो. तो वेळेवर बाहेर पडत नाही, एवढंच. कधी पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा येतं, 'प-प-प-पाणी'. कधी ते लांबतं, 'सssसकाळी'. आणि कधी काहीच येत नाही. तोंड उघडं, श्वास अडलेला, मान ताठ, डोळे मिटलेले. हा तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. बघणाऱ्याला वाटतं, हिला काही झालं की काय!

आमच्या भागात केळी आणि हळदीचं पीक. अर्धापूरपासून डोंगरकड्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा दिसतात. हळदीचं कसं असतं, वरून बघावं तर नुसती पानं, खरा गड्डा जमिनीखाली. आमच्या बोलण्याचंही तसंच आहे बघा. लोकांना वरचं अडखळणं दिसतं. खालची भीती, लाज आणि चोवीस तासांची आखणी कुणाला दिसत नाही. आज कुणाशी बोलावं लागेल, कोणता शब्द टाळायचा, कुणाला पुढे करायचं, हे सकाळी डोळे उघडल्यापासून डोक्यात चालू असतं.

वारंग्याचं तिकीट

एक साधी गोष्ट सांगते. नांदेडहून एसटीने घरी येताना कंडक्टर विचारतो, "कुठं?" मला म्हणायचं असतं 'डोंगरकडा'. पण पहिलाच 'ड' दगडासारखा. मागे माणसं उभी, कंडक्टरच्या हातात तिकिटाचं मशीन, तो घाईत. मग मी म्हणायची, "वारंगा फाटा." वारंगा फाटा आमच्या पुढं आहे. म्हणजे पैसे पुढच्या गावाचे द्यायचे आणि उतरायचं मात्र आपल्या गावात. किती वर्षं हे केलं त्याचा हिशोब नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. मी मनात म्हटलं, चला, आता निदान हा दंड तरी अर्धा झाला!

हसू येतं ना? मलाही येतं. पण पुढे कळलं की असं करणारी मी एकटी नाही. हॉटेलात वडा खायचा असून पोहे मागवणारे, मुलाखतीत स्वतःचं नाव बदलून सांगणारे, फोन वाजला की बाथरूममध्ये जाऊन बसणारे जगभर आहेत. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण अडखळतो. तुमच्या गावाची लोकसंख्या दोन हजार असेल तर पंधरा-वीस जण निघायला हवेत. तुम्हाला इतके आठवत नसतील. कारण आम्ही लपण्यात फार तयार झालेलो असतो. गप्प राहतो आणि लोक म्हणतात, "लई गरीब सोभावाची आहे हो."

आणि यात बायका आणखी एकट्या पडतात. लहानपणी मुलगे आणि मुली दोघंही अडखळतात, पण मुलींचं बोलणं जास्त प्रमाणात आपोआप सुधारतं. म्हणून मोठेपणी चार पुरुषांमागे एखादीच बाई अडखळणारी राहते. मी पंचवीस वर्षांची होईपर्यंत माझ्यासारखी दुसरी बाई पाहिलीच नव्हती. मला वाटायचं, देवाने हे एकटीच्याच पदरात टाकलंय.

"तुझी चुलती सांगंल नाव"

शाळेत धडा वाचायला लावायचे. एकेकीने उभं राहून एकेक परिच्छेद वाचायचा. माझ्या पुढे किती मुली आहेत हे मी मोजायची, आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते शोधायची आणि त्यातले 'प' आणि 'ड' बघून पोटात गोळा यायचा. पुढच्या मुली काय वाचतायत ते कानावरसुद्धा पडायचं नाही. माझी पाळी आली की वर्ग आधीच हसायला तयार. एकदा गुरुजी म्हणाले, "बस खाली, तुझ्यानं व्हायचं नाही." त्या दिवसापासून माझी पाळीच येईनाशी झाली. मैत्रिणींनो, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आज कळतं, त्या दिवशी मला वर्गातून न काढता वर्गाबाहेर काढलं होतं.

घरात माय काळजीने अर्धी. वेखंड उगाळून चाटवून झालं. पोपटाने टोचलेला पेरू आणून खाऊ घातला, कारण पोपट बोलतो! तोंडात गुळगुळीत खडे धरून बोलायला लावलं. आजी म्हणायची, पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाही म्हणून. म्हणजे दोष शेवटी मायचाच. माझी नक्कल करणाऱ्या पोरांना त्यांच्या आया ओरडायच्या. माझ्या बाजूने नव्हे बरं! "तिच्यासारखं बोलू नको, तुलाबी लागंल," म्हणून.

पण खरी परीक्षा लग्नाची. मुलगी बघायला माणसं येतात तेव्हा पहिला प्रश्न काय असतो? "बाळ, नाव काय तुझं?" चार ठिकाणची माणसं पोहे खाऊन गेली. "मुलगी चांगली आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढे कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. पाचव्या वेळी घरात ठरलं. मायने मला सांगितलं, "तू मान खाली घालून बस. नाव विचारलं की तुझी चुलती सांगंल. लाजाळू आहे म्हणू." तसंच झालं. माझं नाव चुलतीने सांगितलं, शिक्षण मामाने सांगितलं, स्वयंपाक येतो हे शेजारच्या काकूंनी सांगितलं. माझ्या लग्नाच्या बैठकीत मी सोडून सगळे बोलले!

सासरी पहिल्या आठ दिवसांत कळायचं ते कळलं. नाव घ्यायचा आग्रह झाला. आता गंमत बघा. उखाणा यमकात असतो, त्याला ठेका असतो. पहिली ओळ मी न अडता म्हटली. मालकांच्या नावापाशी येऊन थांबले. बायका म्हणाल्या, लाजली. सासूबाई मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. रात्री स्वयंपाकघरातून आवाज आला, "फसवून दिली हो पोरगी आपल्याला." मी भिंतीला टेकून ऐकत होते. उत्तर द्यायचं तरी कसं? त्यासाठीच तर बोलावं लागतं.

मालक स्वभावाने शांत. ते मला कधी टोचून बोलले नाहीत. पण पुढची सात-आठ वर्षं मी त्या घरात फार तर 'हो', 'नाही', 'येते', 'ठेवते' एवढंच बोलले असेन. आता आत्याबाईच म्हणतात, "आम्हाला वाटायचं, सून घुमी आहे."

हे होतं तरी कशाने?

हा प्रश्न माणसाला फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत मूक, मिन्मिन आणि गद्गद असे वाणीच्या दोषांसाठी वेगवेगळे शब्द आहेत. तोंडात खडे धरून बोलायचा उपायही काही आमच्या आजीने काढलेला नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातला डिमॉस्थेनिस नावाचा वक्ता तसं करायचा अशी गोष्ट सांगतात. म्हणजे खडे जगभर फिरले, गुण मात्र कुणाला आला ते कळत नाही! उलट लहान लेकराच्या घशात खडा अडकला तर जिवावर बेतेल.

आज डॉक्टर आणि वाचा-उपचार तज्ज्ञ काय सांगतात ते थोडक्यात सांगते. बोलणं म्हणजे श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ या सगळ्यांनी अचूक वेळ साधून एकत्र काम करणं. ही वेळ मेंदू साधतो. आमच्या मेंदूत ही वेळ साधण्याची पद्धत जरा वेगळी असते. बुद्धीचा त्याच्याशी काही संबंध नाही. जीभ जड असण्याचा किंवा जीभ खाली चिकटलेली असण्याचाही नाही. भीतीने अडखळणं वाढतं हे खरं, पण ते सुरू होतं भीतीमुळे असं नाही. आईचं ग्रहण, कुणाची दृष्ट, मागच्या जन्मीचं पाप यातलं काहीच कारण नाही. आणि नक्कल केल्याने ते कुणाला लागत नाही.

घराण्यात कुणाला असेल तर मुलांत येण्याची शक्यता मात्र वाढते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले शास्त्रज्ञ डेनिस ड्रायना यांच्या गटाने पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबापासून सुरुवात करून याचा शोध घेतला. त्या कुटुंबात बरीच माणसं अडखळणारी होती. २०१० मध्ये या गटाने तीन जनुकांमधले बदल जाहीर केले. अडखळणाऱ्या सगळ्यांत ते बदल सापडत नाहीत, काही जणांतच सापडतात. पण मला त्या बातमीने फार आधार दिला. डोळ्यांचा रंग जसा कुणाच्या हातात नसतो, तसंच हे. यात मायचा दोष नाही, माझाही नाही.

अनाथाश्रमातली ती मुलं

एक खरी घडलेली गोष्ट आहे, ती प्रत्येक आईने आणि प्रत्येक शिक्षकाने ऐकावी असं मला वाटतं. १९३९ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन नावाचे वाचा-शास्त्राचे प्राध्यापक होते. ते स्वतः अडखळत बोलायचे. मोठ्यांनी सारखं टोकल्यामुळे मूल तोतरं होतं, असं त्यांना वाटायचं. हे तपासण्यासाठी त्यांच्या विद्यार्थिनीने, मेरी ट्यूडर यांनी, डेव्हनपोर्ट इथल्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर एक प्रयोग केला. त्यातली काही मुलं अगदी व्यवस्थित बोलणारी होती. त्यांना मुद्दाम सांगण्यात आलं, "तुझ्या बोलण्यात दोष दिसतोय. नीट बोलता येत नसेल तर बोलूच नकोस."

काय झालं असेल? ती मुलं आमच्यासारखी तोतरी झाली नाहीत. पण ती बोलेनाशी झाली. वर्गात हात वर करेनात, एकेक शब्द भीत भीत बोलू लागली. काहींच्या मनावर तो घाव जन्मभर राहिला. ही गोष्ट साठ वर्षं झाकून राहिली. २००१ मध्ये वर्तमानपत्रात छापून आल्यावर विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने त्यातल्या काही जणांना आणि वारसांना मिळून ९ लाख २५ हजार डॉलर भरपाई दिली.

नीट बोलणाऱ्या मुलांचं जर नुसत्या टोकण्याने असं होतं, तर खरोखर अडखळणाऱ्या लेकराचं काय होत असेल? आपल्याकडे असा प्रयोग कुणी मुद्दाम करत नाही. तो रोज ओट्यावर, वर्गात आणि लग्नाच्या बैठकीत आपोआप चालू असतो.

"आईचंच लागलं"

हे सगळं मी शोधून काढलं, वाचलं, विचारलं, ते स्वतःसाठी नाही. माझ्या लेकीसाठी.

मोठा मुलगा अगदी पोपटासारखा बोलायचा. धाकटी लेक साडेतीन वर्षांची झाली आणि एका दिवशी म्हणाली, "आ-आ-आ-आई, भूक." माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. दोन-चार महिन्यांत तिचं अडणं वाढलं. बोलताना पाय आपटू लागली, डोळे मिटू लागली. ते डोळे मिटणं मी ओळखत होते.

मग सुरू झालं. "आईचंच लागलं. दूध तिचंच प्यालं ना!" कुणी वेखंड सांगितलं, कुणी नवस. एका पाहुण्यांनी तर एका माणसाचं नाव सांगितलं. तो म्हणे जिभेखालचा दोरा कापतो आणि लेकरं घडाघडा बोलू लागतात. सासरे म्हणाले, "दाखवून तर आणू." दोन दिवसांनी जायचं ठरलं.

त्या रात्री मला झोप नाही. माझ्या घरात माझ्या तोंडून निर्णय असा कधी निघालाच नव्हता. सकाळी मामा चहा घेत होते. मी पुढं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "प-प-प-पोरीची जीभ कापायची नाही." त्या एका वाक्याला किती वेळ लागला, मला माहीत नाही. पण ते मी पूर्ण केलं. मधे कुणी बोललं नाही. मामा कप खाली ठेवून म्हणाले, "मग काय करायचं म्हणतीस?" लग्नानंतर मला पहिल्यांदाच कुणीतरी 'काय म्हणतीस' असं विचारलं होतं!

आम्ही तिला नांदेडला घेऊन गेलो, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे आणि त्यांनी सांगितल्यावर वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी. दोन ते पाच वर्षांच्या वयात, भाषा भराभर वाढत असताना, शंभरात पाच किंवा त्याहून जास्त मुलं काही काळ अडखळतात आणि त्यातल्या बहुतेकांचं, चारांपैकी तिघांचं तरी, आपोआप थांबतं. पण घरात कुणाला असेल, सहा महिने-वर्ष होऊनही थांबत नसेल, मूल बोलायला घाबरत असेल किंवा जोर लावत असेल, तर वाट बघत बसू नये. जितक्या लहानपणी दाखवाल तितकं चांगलं.

मला वाटलं होतं बाई पोरीला काहीतरी शिकवतील. त्यांनी आधी आम्हाला शिकवलं. तिच्याशी सावकाश बोला. रोज दहा-पंधरा मिनिटं फक्त तिच्याजवळ बसा, टीव्ही बंद, मोबाईल बंद. प्रश्नांचा भडिमार करू नका. 'नीट बोल', 'हळू बोल', 'श्वास घे' असं सांगू नका. ती काय बोलते ते ऐका, कसं बोलते ते नको. आत्याबाई सोबत होत्या. परतीच्या गाडीत त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "तुलाबी आम्ही कधी बोलू दिलं नाही की गं."

लेक आता अकरा वर्षांची आहे. तिचं अडखळणं बरंच कमी झालं, गेलं मात्र नाही. बहुतेक जाणारही नाही. हे मी तुम्हाला खरं खरं सांगते, कारण 'महिन्यात तोतरेपणा गायब' अशा जाहिराती मी पुष्कळ पाहिल्यात. मोठेपणी राहिलेल्या अडखळण्यावर खात्रीचं औषध नाही, गोळी नाही. पण सोपं बोलण्याच्या युक्त्या शिकता येतात. शब्दावर जोर न देता हलकेच सुरुवात करायची, वाक्याचे लहान तुकडे पाडायचे, अडलं तर ढकलायचं नाही, सोडून पुन्हा हळूच धरायचं. आणि एक युक्ती तर उलटीच आहे, मुद्दाम अडखळायचं! आपणच ठरवून 'प-प-पाणी' म्हणायचं. लपवायचंच नाही म्हटल्यावर भीतीचा अर्धा जोर तिथंच संपतो.

गेल्या दिवाळीत शेजारच्या काकूंनी लेकीला काही विचारलं. ती पहिल्या शब्दावर थांबली, तोच काकूंनी तिचं वाक्य पूर्ण केलं. ओट्यावरून आत्याबाई म्हणाल्या, "थांब की जरा. तिचं तिला बोलू दे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी दिवे लावण्याच्या निमित्ताने लपवलं.

हरिपाठात कुणी अडखळत नाही

एक नवल सांगते. मी हरिपाठाला बसते तेव्हा कधीच अडत नाही. आरती म्हणताना नाही, लेकराला झोपवताना नाही, गाईला हाक मारताना नाही. एकटीच बोलत असले तरी नाही. मला वाटायचं ही देवाची कृपा. कृपा तर आहेच, पण जगभरच्या अडखळणाऱ्यांचं असंच असतं. गाताना आणि चार जणांबरोबर एका ठेक्यात बोलताना बहुतेकांचं अडखळणं थांबतं, कारण ठेका बाहेरून मिळतो आणि वेळ साधायचं मेंदूचं ओझं कमी होतं. जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्यांमध्ये माझ्यासारख्या कितीतरी असतील. ओवी गाताना त्या मनातलं सगळं बोलून घेत असतील, असं मला उगीचच वाटतं.

दुसऱ्या कुणाचं सोंग घेतलं तरीही अनेकांना सोपं जातं. इंग्रजी सिनेमातली एमिली ब्लंट ही नटी लहानपणी खूप अडखळायची. शिक्षकांनी तिला नाटकात वेगळ्या ढबीत बोलून बघ म्हटलं आणि ती बोलू लागली. मर्लिन मन्रोलाही हा त्रास होता. आपला हृतिक रोशन लहानपणापासून अडखळायचा आणि मोठा नट झाल्यावरही बोलण्याचा सराव करतो, हे त्यानेच सांगितलंय. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्यावर तर 'द किंग्ज स्पीच' हा सिनेमाच निघाला, २०१० साली. जो बायडेन लहानपणी शाळेत चिडवले गेले आणि पुढे २०२१ ते २०२५ अमेरिकेचे अध्यक्ष होते.

ही नावं मी लेकीला सांगते. पण मैत्रिणींनो, राजा आणि नटाचं एक असतं, त्यांच्यासाठी लोक थांबतात. बाजारात भाजी घेणाऱ्या बाईसाठी कोण थांबतं? आपल्या सिनेमा-नाटकांत तर तोतरं पात्र आलं की प्रेक्षकांनी हसायचं हे ठरलेलंच. २००९ च्या 'कमीने' सारखा एखादाच सिनेमा, ज्यात अडखळणारा गुड्डू नायक असतो. अडखळणारी नायिका मला अजून दिसायची आहे.

आणखी एक गोष्ट खटकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचेचं अपंगत्व आहे, पण त्यात स्वरयंत्र काढावं लागणं किंवा मेंदूच्या आघाताने भाषा जाणं अशा कायमच्या दोषांचा विचार केलेला आहे. लहानपणापासून साधं अडखळणाऱ्याला त्यात जागा मिळणं कठीण. म्हणजे लग्नाच्या बाजारात आम्ही 'दोष असलेल्या' आणि कागदावर मात्र आम्हाला काही झालेलंच नाही!

कुणाकडे जायचं?

मोठ्या शहरांत सोयी आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. नायर रुग्णालयात तर १९६६ पासून वाचा-उपचारांचं शिक्षण दिलं जातं. आपल्यासाठी जवळचा रस्ता म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला कान-नाक-घसा विभाग, जसं आमच्याकडे नांदेडला विष्णुपुरीत आहे. तिथं वाचा-उपचाराची चौकशी करावी. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. ते पथक आलं की नुसती उंची-वजनावर पोरीला परत आणू नका. सांगा, "हिचं बोलणं अडतं, पुढं कुठं पाठवता?" खासगीत जाणार असाल तर त्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.

आणि एकटं राहू नका. डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव हे स्वतः अडखळणारे डॉक्टर. त्यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन', म्हणजे 'तीसा' सुरू झाली. तिथं कुणी कुणाला बरं करत नाही. अडखळणारेच एकत्र बसतात आणि हवं तितकं अडखळत बोलतात. पुण्या-मुंबईत असे गट भरतात, मोबाईलवरही भरतात. मी पहिल्यांदा त्यात बसले तेव्हा एका मुलीला आपलं नाव सांगायला बराच वेळ लागला आणि कुणीही हललं नाही, कुणी शब्द पुरवला नाही. सगळे नुसते थांबले. इतका आदर मी आयुष्यात पाहिला नव्हता.

आमच्या बचत गटात आता मी हिशोब वाचून दाखवते. वेळ लागतो. सुरुवातीला बायका चुळबुळ करायच्या. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी अडखळते. मला वेळ लागंल. तुम्ही थांबा." आता थांबतात. त्यांच्यातली एक परवा हळूच म्हणाली, "ताई, माझा पुतण्याबी तुमच्यासारखाच आहे. शाळेत जाईना झालाय." आम्ही पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन नांदेडला जातोय.

समोरचं माणूस अडखळत असेल तर...

• शब्द पुरवू नका. वाक्य त्याचं आहे, ते त्यालाच पूर्ण करू द्या.

• 'घाबरू नको', 'सावकाश बोल' म्हणू नका. त्याने अडचण आणखी वाढते.

• डोळे वळवू नका. नेहमीसारखं बघा आणि ऐका.

• फोनवर शांतता आली तर लगेच ठेवू नका. पलीकडे कुणीतरी पहिल्या अक्षराशी झगडत असेल.

• मुलगी बघायला गेलात आणि ती नावाशी अडखळली तर थांबा. तिचं नाव तिलाच सांगू द्या. ती शिकलेली आहे का, कष्टाळू आहे का, तिला हे घर हवंय का, हे तिच्याच तोंडून ऐका.

• शिक्षकांनो, तिची पाळी वगळू नका. आधी एकटीला विचारा, 'तुला कसं वाचायला आवडेल?' दुसऱ्या मुलीबरोबर जोडीने वाचायला लावा.

• आणि आयांनो, लेकरू अडखळलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका, कुणी दिला तर घेऊ नका. २२ ऑक्टोबर हा जगभर अडखळणाऱ्यांचा जागृती दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी घरातल्या, शेजारच्या, वर्गातल्या गप्प बसणाऱ्या पोरीजवळ जाऊन बसा. विचारा काहीतरी. मग थांबा.